दारातल्या बाबांचे तीन फोटो

मी रिसॉर्टवाल्यांसाठी खोल्यांचे फोटो काढते. त्यांना खोलीही दिसायला हवी आणि खिडकीबाहेरचं जंगलही. आत अंधार, बाहेर ऊन; एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. म्हणून कॅमेरा स्टँडवर बसवून तीन फोटो काढायचे, एक उजेडासाठी, एक मधला, एक अंधारासाठी, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही जोडून एक करायचा. खोल्या बिचाऱ्या हलत नाहीत.

बाबा हलायचे. आई गेल्यापासून ते गावात एकटे आणि मी साकोलीत एकटी. मला त्यांचा तसाच एक फोटो हवा होता: दारात बसलेले, अंगणात ऊन, मागे अंधारं घर. एका रविवारी गेले. कॅमेऱ्यातच तिन्ही जोडून पाहिले, तर त्या इवल्या पडद्यावर बाबांना दोन नाकं आली. दर वेळी बटण दाबण्यात वेळ जातो म्हणून एका दाबात तिन्ही निघतील असं केलं. तरी तिसऱ्याला, सर्वांत जास्त वेळ लागणाऱ्या फोटोला, ते मान मागे वळवायचेच.

"बाबा, तुमी काहून हालून राहिले?" मी ओरडले. राग माझ्या नाकावरच असतो.

"नाही हालत वो माय. काढ. आनखी किती वेळ लागन?"

"तुमाले नाही जमत. राहू द्या," म्हटलं, सामान आवरलं आणि बस पकडली. पुढच्या खेपेला नीट काढू, असं मनात होतं. त्या थंडीत बाबा गेले.

आता नवा कॅमेरा घेतलाय. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तिन्ही फोटो निघतात, माणूस हलला तरी चालतं. जुन्याशी ताडून बघावं म्हणून परवा बाबांचे ते सुटे फोटो उघडले. पहिल्यात ऊन नीट, घर काळंकुट्ट. दुसऱ्यात बाबा. तिसऱ्यात अंगण पांढरंफट्ट, बाबांचा चेहरा पुसट, आणि त्यांच्या मागे घर पहिल्यांदाच लख्ख दिसलं. चुलीपुढे दोन पाट मांडलेले. दोन ताटं वाढून वर झाकण घातलेलं. बाबा तिकडे बघत होते.

उन्हात उभी राहून मला आतलं काहीच दिसलं नव्हतं, आणि त्यांना 'जेव' म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. फार रडले. हे तीन फोटो मी जोडणार नाही.

त्या दुपारी साकोलीच्या बसस्टँडवर उतरून मी उभ्याउभ्याच दोन समोसे खाल्ले होते. भूक लागली होती.