'कृत्तिका'चा शेवट कुणी वाजवला?

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा हसतेही. आमचे बाबा इथे रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात कुणी भुताखेताचं काढलं की म्हणायचे, "आधी कान साफ करून ये." तेच माझ्यात उतरलंय. त्यामुळे लिहिताना संकोच वाटतोय... पण आता राहवत नाही.

मी चेलो वाजवते. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी — व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण चांगलं थोराड वाद्य. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं. शिकायला मुंबईत होते. बाबा गेल्यावर आईसाठी परत आले आणि इथेच मुलांना व्हायोलिन शिकवू लागले. अमोघ माझा शाळेपासूनचा मित्र, मुंबईत साउंडचं काम करतो. बाबांना खांदा द्यायला रातोरात आलेला माणूस. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं किती लागलं ते कळेल.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एक रचना करायला घेतली. एकटा चेलो आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्सची साथ. माझे सूर माइकमधून लॅपटॉपमध्ये जाणार, तिथे ताणले जाणार, विरणार आणि उशिराने स्पीकरमधून माझ्याचकडे परत येणार. विषय आकाश. ताऱ्याचा उजेडही आपल्याला उशिराच पोचतो ना, तसं काहीसं. नाव ठेवलं 'कृत्तिका'. सगळं जमत होतं, फक्त शेवट सापडत नव्हता. जे करावं ते ठिगळ लावल्यासारखं वाटे.

पावसच्या रस्त्याला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, मामाची आंब्याची बाग आहे. बागेच्या पलीकडे नुसता उघडा कातळ, आडोसा म्हणून नाही. तिथे वाजवून बघू, असं अमोघच म्हणाला. मामाच्या घरातून वायर ओढून स्पीकर लावले. दिवस मावळला, चांदण्या दिसू लागल्या, कृत्तिकांचा पुंजका पूर्वेला वर आला आणि मी वाजवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात लाईट गेली. स्पीकर बंद. अमोघने हातानेच खूण केली — थांबू नकोस. त्याचा रेकॉर्डर बॅटरीवर चालू होता.

मी सर्वांत खालच्या तारेवरचा लांब सूर धरला होता. तो सोडला... आणि उत्तर आलं.

प्रतिध्वनी नव्हे. प्रतिध्वनी आपलंच परत देतो. हा सूर माझ्या सुरापेक्षा खाली होता, चेलोवर निघतच नाही इतका खाली. कुठल्या दिशेने आला सांगता येत नाही, पण खुर्चीच्या पायांतून अंगात चढला. मी पुढची ओळ वाजवली, त्याने तिला जोड दिली. अंगावर काटा होता, पण भीती नव्हती. कुणीतरी फार लक्ष देऊन आपलं ऐकतंय असं वाटत होतं... बाबा गेल्यापासून तसं वाटलं नव्हतं.

मी थांबले, तसा तोही थांबला. तेवढ्यात पडवीतून मामा ओरडला, "केतकी, दोन-दोन वाजवत्येस काय गो?"

आम्ही हेडफोन लावून ऐकलं. रेकॉर्डिंगमध्ये तो स्पष्ट होता. अमोघच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा तुला भेटलाय, केतकी," तो म्हणाला. "याला हात लावायचा नाही. जसाच्या तसा ठेवू. आणि रचना दोघांच्या नावावर." त्याने तिथेच ती फाईल माझ्या लॅपटॉपवर कॉपी करून दिली.

मग दोन महिने त्याचे फोन कमी कमी होत गेले. मी म्हटलं, असेल कामात.

एक दिवस माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मोबाइलवर पोस्टर पाठवलं. "मॅडम, हे तुम्ही सांगत होतात तेच का?" मुंबईतला कार्यक्रम. 'कृत्तिका'. रचना — अमोघ. चेलोवर दुसरीच कुणी मुलगी. माझं नाव कुठेच नव्हतं. फोन केला तर त्याने कट केला. मेसेज आला, "भेटून सांगतो."

त्या दुपारी आई बाजारात गेली होती. मी खोलीचं दार लावलं, खिडक्या लावल्या आणि चेलो घेऊन बसले. रडत, चिडून काहीबाही वाजवत होते आणि त्यातच शेवट सापडला. लहानशी ओळ. वर चढते, आता मिटणार असं वाटतं, आणि भलत्याच सुरावर जाऊन उभी राहते. पुन्हा पुन्हा वाजवली. कागदावर उतरवली नाही, रेकॉर्ड केली नाही, कुणाला ऐकवली नाही. मनात म्हटलं, हा तरी त्याला मिळणार नाही.

कार्यक्रमाला गेले. शेवटच्या रांगेत बसले. ती मुलगी माझे सूर वाजवत होती, बरं वाजवत होती. शेवटी तिने गज खाली ठेवला. स्पीकरमधून सड्यावरचा तो आवाज आला... आणि त्याने माझी ओळ वाजवली. दार लावून वाजवलेली. त्याच भलत्या सुरावर जाऊन उभा राहिला.

टाळ्या पडल्या.

बाहेर अमोघ सामोरा आला. "केतकी, ऐक, आयोजकांना एकच नाव हवं होतं, मी तुला—"

"ते राहू दे. शेवट कुठून आणलास?"

तो खरोखर गोंधळला. "कुठून म्हणजे? सड्यावरचाच तो. तू थांबल्यावर तो एकटा वाजवतो ते. तू होतीस की तिथे!"

त्याने लॅपटॉप उघडून मूळ फाईल लावली. तारीख त्याच संध्याकाळची. मी थांबते, आणि तो आवाज माझी ओळ वाजवतो. घरी येऊन माझी कॉपी लावली. लांबी तीच. मी थांबते, आणि पुढे नुसता वारा, रातकिडे, मामाची हाक. मामाला विचारलं, तर म्हणाला, "तू थांबलीस तसा तोही थांबला. मी त्यानंतरच हाक मारली ना?"

अमोघने काय केलं ते मला समजतं. माणसं असं करतात. त्याच्याशी मी बोलत नाही. पण फाईलमध्ये त्याने ती ओळ घातली म्हणावं, तर ती त्याने ऐकलीच कुठे? आणि ती आधीपासून तिथे होती म्हणावं, तर मग ती माझी नव्हतीच का? चोरी झाली असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी त्या आवाजाला जवळचं मानलं होतं. पुन्हा सड्यावर जाऊन वाजवून पाहिलं. काही नाही. साउंडमधल्या, विज्ञानातल्या जाणकारांना विचारून झालं.

परवा सकाळी खोलीत मी ती ओळ वाजवत होते. आई चहा घेऊन दारात थांबली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "अमोघचं ना गो हे? मोबाइलवर ऐकलं मी. छान बसवलंस हो."