चार देशांचा एक नारळ

बारा दिवसांत चार देश बसवायचे म्हणजे एका जीपमध्ये दोन वऱ्हाडं बसवण्यासारखं आहे. बसतात, पण कुणाचं तरी गाठोडं कुणाच्या तरी डोक्यावर येतंच. माझ्या बाबतीत ते गाठोडं नारळाचं होतं.

मी आसनगावला खोली घेऊन राहते, कल्याणला नोकरी करते आणि शनिवारी घरी जाते. घर टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यावर. घरी आई आणि धाकटा भाऊ. भाऊ भेंडी लावतो, टेम्पो चालवतो आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करतो. माझं वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल आता गावातही कुणी विचारत नाही. विचारून विचारून दमले बिचारे.

तर त्या थंडीत साहेबांनी मला रजा दिली. बारा दिवस, मधले रविवार धरून, आणि तीही अशा चेहऱ्यानं दिली की जणू स्वतःची किडनी काढून देत होते. मी ठरवलं, पाठीवर एक सॅक टाकायची आणि थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया करून यायचं. एकटीनं. सगळीकडे विमानानं उड्या मारल्या तर बसत होतं. आठवडाभर मी जेवताना, चालताना, झोपताना तेच जुळवत होते.

फक्त तिकीट काढण्याआधी आईचा होकार हवा होता. मला कुणाच्या परवानगीची गरज नाही, असं मी ऑफिसात ठणकावून सांगते. पण आई 'नको' म्हणाली असती तर मी गेले नसते. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

शनिवारी ओटीवर लॅपटॉप उघडला. खायचं काय, भाषेचं काय, एकटी बाई म्हणून काय, लोक काय म्हणतील, सगळ्याची उत्तरं मी पाठ करून आले होते. आईनं त्यातलं एकही विचारलं नाही. सुपातले तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "शीव कुठं येते?"

आमच्याकडे लग्नाची गाडी गावाची हद्द, म्हणजे शीव, ओलांडते तेव्हा थांबते. खाली उतरून शिवेवरच्या देवाला नारळ फोडतात, दोन्ही बाजूंना तुकडे टाकतात, मगच गाडी पुढे जाते. आई या कामातली आमच्या गावची मोठी अधिकारी. लग्न कुणाचंही असो, गाडीत पुढच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन तीच बसलेली असते. मीही लहानपणापासून त्या गाड्यांतून फिरले आहे आणि माझं एक ठाम निरीक्षण आहे. नवऱ्या मुली शिवेपर्यंत ऊर फुटेस्तोवर रडतात, आणि शीव गेली की पुढच्याच वळणावर पाणी मागतात. हे मी प्रत्येक लग्नात सांगते आणि लोक हसतात.

"एका देशातून दुसऱ्यात जाशील तवा शीव येलच ना गो?" आई म्हणाली.

"आई, मी विमानानं जाणार. शीव खाली राहते."

"म्हंजे न सांगता जायचं? डोक्यावरून?"

भाऊ कोपऱ्यात भेंडी निवडत बसला होता. तो म्हणाला, "आये, माझी भेंडी विमानानं दुबईला जाते. तिचा नारळ कोन फोडतो?"

"भेंडीला परत यायचं नसतं," आई म्हणाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा पारा चटकन चढतो. मी म्हटलं, मी फिरायला चालले आहे, वरात घेऊन नाही. आई म्हणाली, "मंग नको जाऊस." आणि सूप उचलून आत गेली. त्या रविवारी मला जेवायला वाढताना ती फक्त भाताशी बोलली.

पुढच्या शनिवारी मी नवा बेत घेऊन गेले. देशादेशांमध्ये विमान बंद, आता बस. प्रत्येक शीव जमिनीवरून, पायांनी. मला वाटलं, आई खूश होईल. तिनं विचारलं, बस किती वाजता पोचते? मी सांगितलं, रात्री निघते, पहाटे पोचते.

"अंधारात शिवेवर थांबत नाय."

झालं. रात्रीच्या बस गेल्या, दिवसाच्या आल्या. रात्री झोपेत कापायचं अंतर आता भर दुपारी खिडकीला डोकं टेकून कापायचं होतं. त्यात थायलंड आणि लाओसच्या मध्ये नदी निघाली. भाऊ म्हणाला, पुलाच्या मधोमध उभं राहून फोड, अर्धा त्यांना, अर्धा ह्यांना. आईला ते पटलं. मला मात्र पुलावरचे बंदूकवाले पोलीस आणि त्यांच्यासमोर डोक्यावर नारळ उचलून उभी असलेली मी, असं चित्र दिसायला लागलं.

दिवस पुरेनात म्हणून मी व्हिएतनाम काढून टाकला. लाओसमधून थेट खाली कंबोडिया. मला फार वाईट वाटलं, कारण व्हिएतनामसाठीच मी हा सगळा खटाटोप मांडला होता. आईला वेगळ्याच कारणानं वाईट वाटलं.

"बाजूचं घर टाकून पुढं जायचं? पत्रिका वाटताना आमी असं केलं तर लोक सात पिढ्या नावं ठेवतील."

"आई, त्यांना माहीतही नाही मी येणार होते."

"आपल्याला तर ठावं हाय ना?"

मग खुद्द नारळाचा प्रश्न आला. तिकडे नारळ ढिगानं मिळतात, हे मी अभिमानानं सांगितलं आणि फोटो दाखवला. आईनं चष्मा लावून पाहिलं. हिरवीगार शहाळी. "ही प्यायची. शिवेला शेंडीचा नारळ लागतो." म्हणजे इथून न्यायचा. मी विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, नारळ कशासाठी न्यायचे आहेत, मॅडम? शिवेसाठी, असं सांगून मी पाच मिनिटं शीव समजावली. ती म्हणाली, एक मिनिट होल्ड करा. तिनं मला इतका वेळ संगीत ऐकवलं की मीच फोन ठेवला. ती बहुधा सगळ्या ऑफिसला बोलावून सांगत असावी.

शेवटी मी हट्टाला पेटले. तिकडच्या बाजारात शेंडीचा नारळ मिळेलच, शोधीन, असं ठरवलं आणि बसची तिकिटं काढून टाकली. ती रद्द होणारी नव्हती. शिवेजवळ उजेडात पोचायचं म्हणून अशा गावांत मुक्काम धरले, जिथं बघण्यासारखी गोष्ट म्हणजे फक्त शीव. एवढं सगळं करून मी घरी गेले आणि आईसमोर नकाशा ठेवला. आता काय ते बोल.

आईनं नकाशा बराच वेळ पाहिला. म्हणाली, "यात आपली शीव कुठली?" मी बोटांनी नकाशा मोठा करत करत टोकावड्यापर्यंत आणला. तिथं रस्ता होता, एक ढाबा होता, शीव नव्हती.

"हितं हाय," असं म्हणत तिनं ढाब्याच्या थोडं पुढे बोट टेकवलं. "तिकडच्या देवांना तुझी भाषा कळनार नाय. काय सांगशील त्यांना? आपल्या शिवेवर मीच फोडते. एकच."

"आणि बाकीच्या शिवांचं?"

"शिवेला शीव लागूनच असते गो. हा त्याला सांगल, तो पुढच्याला. जाईल निरोप."

लाओसपर्यंत. मी कपाळाला हात लावला. "हे आधी नाही सांगायचं?"

"तू इचारलंस कुठं? तू नकाशेच दाखवत व्हतीस."

"म्हणजे मी जाऊ?"

"जा की. नको कोन म्हनलं?"

भाऊ इतका हसला की भेंडीची पाटी त्यानं स्वतःच्या पायावर उलटी केली. व्हिएतनाम मात्र गेला तो गेलाच, आणि बसची तिकिटं गळ्यात पडली ती पडलीच.

निघायच्या दिवशी दुपारी भावानं टेम्पो काढला. कल्याणपर्यंत तो सोडणार होता, जाता जाता मार्केटला माल टाकणार होता. माझी सॅक भेंडीच्या जाळ्यांमध्ये बसवली. आई घरातून बाहेर आली ती लग्नाला नेसते ते जांभळं लुगडं नेसून. ती पुढच्या सीटवर चढली, आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि मांडीत नारळ घेतला.

शीव म्हणजे आमच्याकडे एक चिंच आणि तिच्याखाली शेंदूर लावलेला दगड. टेम्पो थांबला. मागून एक डंपर हॉर्न मारत गेला. आई खाली उतरली, मलाही उतरायला लावलं, नारळ माझ्यावरून ओवाळला आणि दगडाकडे बघून, नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलली.

"माझी लेक हाय. लग्नाची नाय चालली, फिराया चालली. तिला सुखानं जाऊ दे आन् परत येऊ दे. पुढच्यांना बी सांग."

इतक्या लग्नांत मी तिला शिवेवर 'सुखानं जाऊ दे' म्हणताना ऐकलं होतं. 'परत येऊ दे' पहिल्यांदाच ऐकलं.

एकाच फटक्यात नारळाची दोन भकलं झाली. एकाचे तुकडे तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाकले. दुसरं पदरात गुंडाळलं.

"हे घरी ठेवते. आल्यावर चटनी करू."

"आये, बारा दिवसांत खवट होईल ते," भाऊ म्हणाला.

"मंग तिला सांग, टाइमात ये."

घर तिथून जवळच, म्हणून ती चालतच परत निघाली. टेम्पो सुरू झाला. मी आरशात पाहत राहिले. जांभळं लुगडं छोटं छोटं होत गेलं, पदराला तो फुगवटा, आणि एकदाही वळून न बघता ती भराभर चालत होती. मला रडू फुटलं. साधं नाही, नवऱ्या मुली रडतात तसं, आवाज काढून. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तरी थांबेना.

मुरबाड आलं तेव्हा भावानं टेम्पो बाजूला घेतला. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार, चिडवणार. त्यानं सीटमागून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "तुला जरा उशिराच लागलं पानी."