आतून उघडणारी खिडकी

नोकरीत घरफोडीचे गुन्हे मी किती हाताळले, त्याचा हिशेब मला देता येणार नाही. पण शहादा तालुक्यातल्या त्या दोन खिडक्या आजही जशाच्या तशा माझ्या नजरेसमोर आहेत, कारण त्या फोडलेल्याच नव्हत्या.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी घराला कुलूप लावून सगळी माणसं शेतात जात आणि दिवस कलल्यावर परतत. तापीकाठच्या एका गावात अशाच एका शेतकऱ्याच्या घरातून भरदुपारी कपाटातलं सोनं गेलं. दाराचं कुलूप शाबूत होतं आणि कौल हललं नव्हतं. मागच्या खिडकीची बिजागरीवर उघडणारी लोखंडी ग्रिल नुसती लोटलेली होती. गज कापलेला नव्हता, वेल्डिंग तुटलेलं नव्हतं, साधा ओरखडाही नव्हता. ठसेतज्ज्ञ आले, श्वानपथक आलं. कुत्रं खिडकीपासून डांबरी रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथे बसून राहिलं. आठवडाभरात शेजारच्या गावात दुसरी घरफोडी झाली. तीही भरदुपारी, आणि तिथेही ग्रिल नुसती लोटलेलीच.

त्यावेळी मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दोन गावांची माणसं रोज ठाण्यात येऊन बसत. वरून रोज फोन येई.

खबर आमच्या जुन्या खबऱ्याकडून आली. बसस्टँडजवळ त्याची चहाची गाडी होती. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही घरच्या खिडक्या एकाच मिस्तरीन्या शेतस. खापर गावना शे तो. कुलूपबी त्याच बनाडस. ज्यानी बनाडं, त्याले उघडाले कितला टाइम लागी?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेण्याची मला घाई होती.

मिस्तरीला चौकशीसाठी बोलावलं. पन्नाशीचा, सडपातळ, अंगात डागाळलेला खाकी शर्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातला, खापरच्या बाजारात वेल्डिंगचं दुकान टाकलेला माणूस. सकाळपासून त्याला बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत होती. वाट बघून माणूस आतून सैल होतो, असं आम्ही मानायचो. हा सैल झाला नाही. दुपारी केबिनमध्ये आला तेव्हा पहिल्यांदा मला त्याचे हात दिसले. दोन्ही तळव्यांची कातडी भाजून आकसलेली होती आणि बोटं पूर्ण उघडत नव्हती.

"तुझं कुलूप तुलाच उघडता येतं ना?" मी विचारलं.

"आतून कोणालाबी येतं साहेब. लहान पोरालाबी येतं."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून मलाबी नाही येत."

मी टेबलावर हात आपटला. "मग दोन घरांत चोर काय हवेतून शिरला? असलं कुलूप बनवायला तुला कोणी सांगितलं होतं? ग्रिल एकदा भिंतीत बसवली की संपलं. ती उघडायची कशाला?"

त्याने आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग सपाट आवाजात बोलला.

"माझ्या घराला मीच ग्रिल मारली होती साहेब. पक्की. गॅसची नळी पेटली, दाराकडं आग. बायको आन् मोठी पोरगी खिडकीत आल्या. मी बाहेरून गज ओढत होतो. गज तापले होते. वेल्डिंग चांगली मारली होती मी. निघाली नाही."

केबिनमध्ये माझा हवालदार होता, लेखनिक होता. आरोपीच्या तोंडून रडकथा आम्ही रोज ऐकायचो आणि त्यातली खरी कोणती, खोटी कोणती, हे ओळखण्याचा मला गर्व होता. या माणसाने मात्र दया मागितलीच नव्हती. त्याने फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"दुकानात चला साहेब," तो म्हणाला. "हाताने बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

आम्ही खापरला गेलो. दुकानामागच्या खोलीत त्याने नमुन्याची खिडकी बसवली होती. ग्रिल दारासारखी बिजागरीवर. दुसऱ्या बाजूला लोखंडी डबी, आणि तिच्यावर खोलीच्या बाजूने तळहाताएवढी पत्ती. किल्ली नाही, कडी नाही.

"डोळ्याला रुमाल बांधा," तो म्हणाला. "धुरात दिसत नसतं."

हवालदार हसू दाबत होता. मी रुमाल बांधला. मिस्तरीने मला खोलीत दोन गिरक्या दिल्या आणि सोडलं. भिंत चाचपत मी खिडकीशी पोचलो, गजांवरून हात फिरवला, आणि काही शोधायच्या आतच तळवा पत्तीवर पडला. घाबरलेला माणूस खिडकी बाहेरच ढकलतो. मीही ढकलली. खट् असा आवाज झाला, अख्खी ग्रिल बाहेर उघडली आणि तोंडावर वारा आला.

मी रुमाल सोडला. तेवढ्या उघड्या चौकटीतून मी आणि हवालदार दोघं एकदम बाहेर पडू शकलो असतो.

"आता बाहेरून बघा."

ग्रिल बंद करून आम्ही बाहेर आलो. हात पत्तीपर्यंत पोचत नव्हता, मधे जाड पत्रा होता. हवालदार या कामात तरबेज. त्याने तारेचा आकडा वाकवला, फटीतून घातला आणि पत्तीचा कोपरा पकडून ओढला. डबीत टक् झालं आणि पत्ती दगडासारखी घट्ट बसली. अर्धा तास आम्ही घाम गाळला. ती हलली नाही.

मग मिस्तरीने आत जाऊन डबीचे स्क्रू काढले आणि आतलं यंत्र दाखवलं. त्यात सायकलच्या बेअरिंगची एक गोळी होती. तळव्याने सरळ दाबलं तर पत्ती समान सरकते आणि गोळी जागेवर राहते. कोपऱ्यातून ओढलं की पत्ती तिरपी होते, गोळी घरंगळून खाचेत पडते आणि बोल्ट अडकतो. डबी खोलल्याशिवाय मग तो सुटत नाही. चौथी शिकलेला माणूस. त्याने एका गोळीला आतला हात आणि बाहेरचा हात ओळखायला शिकवलं होतं.

दोन्ही घरांतल्या डब्या आम्ही पंचांसमक्ष उघडल्या. गोळ्या जागेवर होत्या, खाचा कोऱ्या. म्हणजे दोन्ही खिडक्या आतूनच उघडल्या गेल्या होत्या. पण घरच्यांनी सोनं चोरावं असं काही दिसेना.

तिसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. घरी गेलो तर तो खिडकीजवळ रागाने लाल झालेला. "साहेब, मन्हा घरमा चोर शिरी ऱ्हायंता. काही गयं नही, पन हाई लॉक दखा, जाम व्हई गयं! असं लॉक काय कामनं? सकाय मी वेल्डिंगच मारी लेस."

मिस्तरीला बोलावलं. पंचांसमोर त्याने डबी खोलली. गोळी खाचेत पडली होती. आणि पत्तीमागे तारेचा तुटलेला आकडा अडकला होता, त्याला हिरव्या मच्छरजाळीचा दोरा गुंडाळलेला.

शेतकऱ्याची बायको दारातून म्हणाली, "परवा तो जाळीवाला माप लेवाले उना व्हता. खिडकी नुसती लोटी गयता. मी झाडता झाडता खट् करी लाई दिनी."

सगळं तिथेच उलगडलं. मच्छरजाळी बसवणारा माणूस मापं घ्यायला घरात शिरायचा, आतून पत्ती दाबून ठेवायचा आणि ग्रिल लोटून जायचा. दोन-तीन दिवसांनी घर बंद असताना बाहेरून येऊन ती ओढायचा. इथे घरच्या बाईने ती बंद केली होती, म्हणून त्याला तार घालावी लागली. आम्ही प्रत्येक घरी विचारलं होतं, कोणी अनोळखी आलं होतं का? सगळे नाही म्हणाले. ज्याला आपण स्वतः बोलावतो, त्याला कोणी अनोळखी धरत नाही. प्रश्न विचारायची आमचीच रीत चुकली होती.

धानोऱ्याच्या बाजारात त्याला ताब्यात घेतलं. तारेचं बंडल आणि तोच दोरा पिशवीत होता. तासाभरात त्याने कबूल केलं आणि पंचांसमोर लपवलेलं सोनं काढून दिलं.

मिस्तरीचा जबाब घेऊन झाल्यावर मी त्याला म्हणालो, "माझी चूक झाली. तुला बाकावर बसवायला नको होतं."

त्याने मान हलवली. "ते जाऊ द्या साहेब. गावात लोक खिडक्यांना वेल्डिंग मारून घेताहेत. माझ्या कुलपातून चोर येतो म्हणतात. ते तुम्ही थांबवा. माझं ऐकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी वर्दीत मी त्याच्याबरोबर गेलो. तीन गावांत नऊ खिडक्या कायमच्या बंद झाल्या होत्या. प्रत्येक दारात उभा राहून मी सांगितलं, की चोर कुलपातून आला नाही, माझा संशय खोटा होता. मग तो ग्राइंडर लावून वेल्डिंगचे टाके कापायचा. काही ठिकाणी टाके दुसऱ्याच कोणा मिस्तरीने कसेबसे मारलेले, काही ठिकाणी लोक तोंड फिरवून उभे. त्याने कोणालाही काही ऐकवलं नाही. खिडकी मोकळी झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवायचा आणि पत्ती दाबायला लावायचा. एका शेतकऱ्याच्या आईने दाबली, ग्रिल उघडली, तशी ती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "अरे, इतलंच शे का!"

आकसलेल्या बोटांनी तो दिवसभर ग्राइंडर धरून होता. जेवायलाही बसला नाही. मी शेजारी उभा होतो आणि माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांची मला थोडी लाज वाटत होती.

खिडकी म्हटलं की यातून आत कोण येईल, एवढंच पोलिसाच्या डोक्यात येतं. माझ्याही यायचं. यातून बाहेर कोणाला पडावं लागेल, हा विचार त्या माणसाने एकट्याने, कोणी न सांगता, जळलेल्या हातांनी केला होता. मोठमोठे गुन्हेगार पाहिले, हुशार अधिकारी पाहिले, पण एवढी मोठी बुद्धी आणि एवढं मोठं मन एका जागी मी पुन्हा पाहिलं नाही.

आता मी निवृत्त आहे. कोणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत ग्रिलला हात लावून बघतो आणि विचारतो, ही आतून उघडते का? बरेच जण हसतात. पण एखादी बाई कप खाली ठेवते, उठते, आणि आतल्या खोलीची खिडकी बघून येते.