लोणी गप्प होईपर्यंत

नांदेडहून हैदराबादच्या गाडीत बसले तेव्हा बरोबर डबा नव्हता. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. गेल्या वर्षी तापातून उठले ती वास घेण्याची शक्ती गमावूनच. वासाबरोबर चव गेली आणि चवीबरोबर स्वतःच्या हातावरचा भरवसाही. माझ्या जेवणासाठी लोक वाट वाकडी करून यायचे. आता घरात स्वयंपाकाला बाई होती आणि मी औषध घ्यावं तसे दोन घास पोटात ढकलत होते. भूक म्हणून काही उरलीच नव्हती. "थोडी हवा बदलून ये," म्हणत ह्यांनीच मला भावाकडे पाठवलं.

दादा हैदराबादेत हिमायतनगर भागात राहतो. वहिनी पिढ्यान्‌पिढ्यांची हैदराबादी मराठी. दुसऱ्याच दिवशी ती मला बेगम बाजारला घेऊन गेली. मसाल्यांच्या गल्लीत मिरचीने डोळे चुरचुरले, बस तेवढंच. एका दुकानदाराने तळहातावर शहाजिरं ठेवलं. "सूंघ के देखो, अम्मा." मी नाकाशी नेलं आणि म्हटलं, फार छान आहे.

"खोटं कायकू (कशाला) बोललीस गं?" बाहेर आल्यावर वहिनीने विचारलं. भर गल्लीत मला रडू आलं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

संध्याकाळी भाची मृण्मयी म्हणाली, "आत्या, स्वयंपाकावरचा फ्रेंच सिनेमा आहे, चल ना." उपाशी माणसाला पंगत दाखवण्यातला प्रकार, असं मनात आलं, पण पोरीचं मन कोण मोडणार! खेळाच्या आयोजकांनी शहरातल्या काही स्वयंपाक्यांनाही बोलावलं होतं. माझ्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे बावर्ची बसले होते. लग्नांतल्या देगा (मोठी भांडी) उतरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पडद्यावर खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं ना त्यांना वाचता येत होती, ना मला.

त्या अक्षरांची गरजही पडली नाही. एका खेड्यातल्या खाणावळीत एक बाई स्वयंपाक करत होती, इतकीच गोष्ट. संगीत नाही, घाई नाही. पिठावर लोणी पसरून तिने घडी घातली, लाटलं, पुन्हा घडी घातली. अगं बाई, ही तर आपल्या चिरोट्यांची रीत! परमुलखातली ती बाई एकदम माझ्या ओळखीची झाली. मग सुरीखाली कांद्याची करकर ऐकू आली, सूप कापडातून थेंब थेंब गळताना दिसलं. मी श्वास रोखून बघत होते. अख्ख्या सभागृहात कुणालाच वास येत नव्हता आणि तरीही सगळे आवंढे गिळत होते. वर्षभरात प्रथमच मी चारचौघांसारखी होते.

तव्यावर लोणी तडतडू लागलं. मासा हातात घेऊन बाई थांबली होती.

"कायकू रुकी है?" मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत पुटपुटले.

"मक्खन का आवाज सुनो, अम्मा," बावर्ची हळूच म्हणाले. "अब्बी उसमें पानी है. चुप हुआ तो डालना."

तडतड विरत गेली. लोणी गप्प झालं. बाईने मासा सोडला आणि असा काही चर्रर्र आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. मोहरी थांबली की हिंग घालायचा, हे मी तरी आणखी कशावरून ठरवत आले होते? माझं निम्मं शिक्षण कानांनीच झालं होतं आणि नाकाच्या शोकात मी ते पार विसरले होते.

घरी येताच मी पदर खोचला. वहिनी आत येऊ लागली.

"हल्लू (सावकाश) गं. मी करू का?"

"तू फक्त गप्प बस. मला ऐकू दे."

बटाट्याच्या चकत्या मी लोण्यात परतल्या, मीठ चिमटीच्या अंदाजाने टाकलं. पहिली चकती दादाने तोंडात टाकली. लगेच त्याने ताटली पुन्हा पुढे केली.

चार दिवसांनी नांदेडला परतले. वास अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात येईल, मी म्हणते येईल तेव्हा येवो. स्वयंपाकाच्या बाईंना सुट्टी देऊन मी फोडणीचं वरण, भात आणि वांग्याचे काप केले. हे बाहेरून यायचे होते. ताटं घेता घेता पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. ही भूक आहे, हे कळायलाही मला क्षणभर वेळ लागला. ह्यांची वाट न बघता मी जेवायला बसले.