बत्तीस सेकंदांचा रस्ता

१७ नोव्हेंबर, मंगळवार. नळाला पाणी वेळेवर. सकाळी नऊला हमरस्ता ओलांडला. भाच्याच्या घड्याळात बावीस सेकंद भरले.

मावशींनी रोजनिशीत एवढंच लिहिलं. मोजणी मात्र गंभीर होती. स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंतचा हा सहापदरी रस्ता म्हणजे शहराची धमनी. तो अर्धा तास तुंबला की गल्लीबोळांचेही हाल. त्याचे सिग्नल एकोणीस वर्षं त्यांचा भाचा सांभाळत होता. सिग्नल खात्यातले बाकीचे टेबलाशी बसून वेळा ठरवायचे, हा उन्हात चालून. लोक त्याला ‘सेकंदशेठ’ म्हणत. त्याच्या साहेबांना बसगाड्यांसाठी पादचाऱ्यांची वेळ कमी हवी होती. म्हातारं माणूस किती वेळात ओलांडतं, ते बघायला भाच्याने मावशींनाच चालायला लावलं होतं. त्यांच्या बावीसवरून चोवीस सेकंद ठरले.

गुरुवारी नवी वेळ लागू झाली. मावशी औषधांची पिशवी घेऊन निघाल्या. दुभाजक ओलांडून चार पावलं गेल्या, तोच दिवा लाल! बसवाल्याने करकचून ब्रेक मारला. मागे एक आजोबा दुभाजकावरच खांबाला धरून उभे. मावशींना कळलं, हे आपल्यामुळे झालं!

भाचा कोपऱ्यावर सिग्नलची पेटी उघडून बसला होता.

“अरे, परवा मी जवळजवळ पळाले रे.”

“पळालीस? तू?”

“तू घड्याळ धरून उभा! मला वाटलं परीक्षाच आहे. या वयात नापास होऊ?”

भाचा खो खो हसला आणि पेटीजवळून उठला. “बरं, आता पिशवी घेऊन परत ओलांड आणि घरी जा. दिवा मी हिरवाच ठेवतो. मी मोजत नाही.”

त्याने मोजलंच. बत्तीस सेकंद.

शुक्रवारी संध्याकाळी साहेब चौकात आले तेव्हा मावशी शेजारीच उभ्या होत्या.

“सेकंदशेठ, कागदावर सही झालीय. आता चूक सांगता?”

“चूक माझीच, साहेब. चालायला सांगायचं, तर मी मावशीला परीक्षेला बसवलं.”

“आणि बसगाड्यांनी काय करायचं? आठ सेकंद आणू कुठून?”

“या बाजूच्या गल्लीच्या हिरव्या दिव्यातून. शेवटच्या सेकंदांत तिथून चिटपाखरू जात नाही. कालपासून उभा राहून बघितलंय. आता लावून दाखवू?”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. भाच्याने वेळ बदलली. ऐन गर्दीचा तासभर साहेब तिथेच उभे राहिले. बसगाड्या एकामागून एक सुटत होत्या, रांग मागच्या पुलापर्यंत पोचलीच नाही. काठी टेकत, मुलं कडेवर घेऊन माणसं निवांत पलीकडे जात होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि बत्तीसवर सही केली.

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकलास,” मावशी म्हणाल्या.

“पहिल्यांदा सापडलो, मावशी!”

मावशींना हसू आलं. पण स्वतःची चूक साहेबासमोर अशी ताठ मानेने सांगणारा माणूस त्यांनी फार क्वचित पाहिला होता.

घरी येऊन त्यांनी लिहिलं: बत्तीस सेकंद कायम. उशीच्या दोन अभ्र्यांना बटणं लावली.