माझं मीच नेसणार

संधिवातानं बोटं आखडली तेव्हा मला दुखण्यापेक्षा ब्लाऊजच्या हुकांचा जास्त राग यायचा. सकाळी हूक चिमटीत धरवतच नसे. मग फर्स्ट शिफ्टला निघायच्या घाईत आमचे हे लावून द्यायचे. हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर. हूकसुद्धा नट कसल्यासारखे लावायचे. वर म्हणायचे, "हालू नको नं, अवं!" मला लाजही वाटायची आणि हसूही यायचं.

एक दिवस म्हणाले, "असं किती दिवस चालन? येक बाई लावून घेऊ. आंघोळ, कपडे, सारं करून देईन तुले."

मी भडकलेच. "परक्या बाईनं मले नेसवायचं? मी काय देवीची मूर्ती आहो?"

भांडण झालं. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत माझं मला जमलं तर ठीक, नाही तर बाई येणार.

दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपीची एक मॅडम होती, लेकीच्या वयाची. रोजची कामं दुखऱ्या हातांनी कशी करायची, ते ती शिकवायची. पातेलं बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांवर घ्यायचं, पिशवी खांद्याला लावायची. आणि म्हणाली, चमचा, उलथणं, सगळ्यांचे दांडे जाड करा.

हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले. भिलाईचा माणूस, त्यात फिटर, त्याला लोखंडाशिवाय दुसरं काय सुचणार! रविवारी जवळच रसमड्याला मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि सगळ्याला स्टीलचा पाइप वेल्ड करून आणला. पॉलिशसुद्धा केलं होतं बाप्पा! इतक्या कौतुकानं माझ्यापुढे मांडलं, की मला नाही म्हणवेना. उलथणं उचललं आणि कळ थेट खांद्यात गेली.

मॅडमनं ते पाहून कपाळावर हात मारला. "अंकल, ये आंटी के लिए है, या जेसीबी के लिए?"

दांडा जाड हवा, पण हलका हवा, असं तिनं समजावलं. त्याच संध्याकाळी हे कॅम्प-१च्या बाजारातून एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम घेऊन आले आणि माझ्या टूथब्रशपर्यंत सगळ्याला बसवला. वेडं माणूस आहे, पण माझं आहे.

हुकांच्या जागी मॅडमनं वेलक्रो सांगितलं. सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या टेलरनं ते शिवून दिलं. सकाळी आधी कोमट पाण्यात हात शेकायचे, मग कपडे. सुरुवातीला वेलक्रो तिरपंच चिकटायचं. चिडून ब्लाऊज पलंगावर फेकलाय, रडलेय. दाराबाहेरून हे विचारायचे, "येऊ काय?"

"खबरदार!"

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी साडी नेसून, पदर नीट काढून बाहेर आले. हे बघतच राहिले.

"जमलं नं तुले!" म्हणाले आणि डोळे पुसले. मग आपल्याच हातांकडे बघत उभे राहिले. "म्हणजे आता माह्यं कामच नाही राहिलं," म्हणून हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाठ करून खाली बसले. "आन् वेणी कोण घालन? माह्ये हात वर जात नाही."

तेव्हापासून वेणी हेच घालतात, रोज वाकडी. माझे हात केव्हाच वर जायला लागलेत. ते मी त्यांना सांगणार नाही.