साक्षीदार क्रमांक तीन

दुसऱ्याच्या कागदात चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. महापालिकेच्या शाळेत कारकुनी करताना मी मुख्याध्यापकांचीही पत्रं दुरुस्त केली आहेत. त्यामुळे समोरच्या दारातल्या मुलीच्या लग्नाची सरकारी नोंदणी करायची ठरली, तेव्हा कागद माझ्याकडेच येणार याबद्दल घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच शंका नव्हती.

ही मुलगी माझ्या घरात वाढली म्हटलं तरी चालेल. तिची आई नर्स. ड्युटीवर जाताना लेकीला माझ्याकडे सोडायची. ते रत्नागिरीकडचे मुसलमान, आम्ही जालन्याकडचे बौद्ध. निकाहच्या वेळी मी हौसेने म्हटलं, "साक्षीदार म्हणून माझी सही घ्या हो." काझीसाहेब अदबीने म्हणाले, "ताई, निकाहचे साक्षीदार मुसलमानच लागतात." त्यांचं बरोबरच होतं. तरी मला वाईट वाटलं, आणि त्या रागात मी फिरनीच्या तीन वाट्या संपवल्या.

एकाच लग्नाला दोन कायदे, यात मला नवल नव्हतं. माझं स्वतःचं लग्न त्रिशरण-पंचशील म्हणून लागलं, पण सरकारदरबारी ते हिंदू विवाह कायद्यातच बसतं.

जावई कतारला नोकरीला. त्याच्या रजेचे चारच दिवस उरले होते. सर्टिफिकेट हातात पडलं तर बायकोच्या व्हिसाचं काम पुढे सरकणार. नाहीतर पुढच्या रजेपर्यंत, म्हणजे वर्षभर, ती इथे आणि तो तिथे.

अर्जावर काझीसाहेबांची आणि तीन साक्षीदारांची सही लागणार होती, आणि सोबत उर्दू निकाहनाम्याचं मराठी भाषांतर जोडायचं होतं. मुलीची आई वाचत गेली, मी लिहीत गेले. निकाह शनिवारी संध्याकाळी झाला होता. निकाहनाम्यावर इंग्रजी तारीख शनिवारचीच होती, पण शेजारची मुसलमानी तारीख आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारच्या चौकटीत छापलेली. म्हणजे काझीसाहेब चुकले! मी कुणाला न विचारता भाषांतरात ती एक दिवस मागे घेतली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

वॉर्ड ऑफिसात काझीसाहेब सहीसाठी पेन उघडून थांबले. "ही तारीख कुणी बदलली?"

"मी. तुमची एका दिवसाने पुढे गेली होती."

"ताई, सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की आमचा दुसरा दिवस लागतो. निकाह त्यानंतर झाला ना! चुकीच्या तारखेवर मी सही नाही करणार."

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "आमचा दिवस रात्री बाराला बदलतो. इंग्रजी तारीख शनिवारची आहे, मला चालतं. पण भाषांतर मुळाबरहुकूम पाहिजे. एकच्या आत नवीन आणा."

"मावशी, वाट लावलीस ना!" मुलगी रडकुंडीला आली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला तिथे पटलं. जिन्याच्या पायरीवर बसून मी सगळं पुन्हा लिहून काढलं. अक्षर जरा हललं, पण तारीख जशीच्या तशी ठेवली.

वर आले तर तिसरा साक्षीदार गायब. जावयाचा मित्र होता तो. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये त्याची पाळी सुरू होणार, म्हणून थांबून थांबून निघून गेला होता. घड्याळात पाऊण वाजला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काझीसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या ताई होत्या की लग्नाला."

"पण मी मुसलमान नाही," मी म्हटलं.

"निकाहचे साक्षीदार तेव्हाच झाले, ताई. हा कागद सरकारचा आहे. इथे सरकारचा नियम."

साहेबांनी मान वर केली. "सज्ञान आहात, लग्न डोळ्यांनी बघितलंय, आधार कार्ड आहे? मग बास झालं."

मी सही केली. काझीसाहेबांनी नवं भाषांतर निरखून वाचलं आणि त्यांनीही केली. तेवढ्यात साहेबांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. साक्षीदार क्रमांक तीनचा एक रकाना कोरा राहिला होता, वधूशी नाते. माझं पेन अडलं. खरं लिहायचं तर शेजारीण.

"मावशी लिही ना गं," मुलगी कानाशी म्हणाली.

मी लिहिलं. काझीसाहेबांनी ते वाचलं, साहेबांनी वाचलं, आणि दुरुस्त कुणीच केलं नाही.